गाळतंय कोण? घरगुती मॅश टनला गाळणी निवडताना

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात मी जवळजवळ चार महिने एका गाळणीशी भांडत होते. जाळी बदलली, नळी बदलली, ताटली करून आणली. तरी आकडे काही सुधारेनात. शेवटी कळलं की मी चुकीच्या वस्तूला दोष देत होते. तुम्ही संशोधनाला लागायच्या तयारीत असाल, तर ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. तुमचा विषय माल्टशी संबंधित नसला तरी चालेल. स्वतः जोडलेलं उपकरण आणि त्यातून निघालेला आकडा यांचं नातं कसं तपासायचं, हा आजच्या लेखाचा मुद्दा आहे.

आधी मॅश टन म्हणजे काय ते बघू

धान्याला मोड आणून वाळवलं की माल्ट होतं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतात, त्याचा पहिला भाग म्हणजे माल्टिंगच. हे माल्ट भरडून 65 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की त्यातली विकरं पिष्टमयाचे तुकडे करून साखर बनवतात. या कालवणाला म्हणतात मॅश, आणि ज्या भांड्यात ते ठेवतात ते मॅश टन. तास झाला की गोड रस खाली काढायचा आणि चोथा वर ठेवायचा. या रसाला वर्ट म्हणतात. बिअर बनवणारे पुढे तो उकळून त्यात यीस्ट घालतात.

आपण मात्र तिथपर्यंत जायचं नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 नुसार परवान्याशिवाय दारू बनवायला मनाई आहे आणि त्या कायद्यात बिअरही दारूच आहे. 'घरी, स्वतःपुरती' ही सबब तिथे चालत नाही. म्हणून माझा प्रयोग गोड रसापाशी थांबतो. रस नुसता ठेवला तर हवेतल्या आणि धान्यावरच्या यीस्टमुळे आपोआप आंबायला लागतो, त्यामुळे मोजमाप झालं की तो लगेच उकळायचा आणि फ्रीझरमध्ये टाकायचा. तुम्ही हे करून बघणार असाल तर तुम्हीही इथेच थांबा.

घरी बनवायची वेळ का आली?

माल्टमधून किती अर्क निघतो हे मोजायची जगभर चालणारी प्रमाण पद्धत आहे, काँग्रेस मॅश. त्यात 50 ग्रॅम माल्ट बारीक दळतात, ठरलेल्या तापमानांतून नेतात, पाणी घालून एकूण वजन 450 ग्रॅम करतात आणि घडीच्या फिल्टर पेपरमधून गाळतात. पद्धत उत्तम आहे, पण ती फक्त एवढंच सांगते की या धान्यातून जास्तीत जास्त किती निघू शकतं. दोन किलो भरड एका भांड्यात घेतली तर त्यातलं किती हाती लागेल, हे ती सांगत नाही. फिल्टर पेपरवर थर कसा बसतो, रस कुठून वाट काढतो, हे प्रश्नच उद्भवत नाहीत.

माझा प्रश्न नेमका तोच होता. बार्लीच्या माल्टमध्ये नाचणीचं माल्ट मिसळलं तर अर्क किती मिळतो? 50 ग्रॅमच्या चाचणीत मिश्रण ठीकठाक होतं. आता दोन किलोवर करून बघायचं होतं आणि त्यासाठी विभागात भांडं नव्हतं. मग घरीच एक बनवायचं ठरवलं. जाड भिंतीचा, पाणी थंड ठेवायचा पंधरा लिटरचा जार घेतला, खाली तोटी होतीच. राहिली फक्त आतली गाळणी.

तीन स्टेशनं, तीन गाळण्या

मी राहते बदलापूरला. कल्याणहून कर्जतकडे निघालं की आधी उल्हासनगर, मग अंबरनाथ, मग बदलापूर. माझ्या तिन्ही गाळण्या या तीन स्टेशनांवर मिळाल्या.

पहिली उल्हासनगरच्या बाजारातून. गिझरला लावायची स्टीलच्या विणीची कनेक्शन पाइप घ्यायची, दोन्ही टोकं कापायची, आतली रबरी नळी ओढून काढायची. उरते ती विणलेली पोकळ जाळी. एक टोक दुमडून बंद करायचं, दुसरं तोटीला जोडायचं, झाली गाळणी. स्वस्त आणि अर्ध्या तासात तयार. फक्त वीण खरोखर स्टेनलेस स्टीलची आहे ना, ते विचारून घ्या, कारण प्लॅस्टिकच्या चंदेरी धाग्यांचीही मिळते.

दुसरी अंबरनाथची. आनंदनगर एमआयडीसीच्या बाजूला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टीलच्या छिद्रांच्या पत्र्याची गोल ताटली कापून घेतली. ती भांड्याच्या तळापासून दोन सेंटिमीटर वर बसते. हिला फॉल्स बॉटम म्हणतात. "छिद्रं किती एमएमची पाहिजेत, ताई?" असं त्यांनी विचारलं आणि मी आत्मविश्वासाने म्हणाले, "मिळतील तेवढी बारीक." तो आत्मविश्वास कुठून आला होता कोण जाणे.

तिसरी घरातलीच, बदलापूरची. पांढरं नायलॉनचं कापड शिवून केलेली मोठी पिशवी. माल्ट पिशवीत, पिशवी जारमध्ये.

नुसती बार्ली घेतली की तिन्ही गाळण्या चालायच्या. 40 टक्के नाचणी मिसळली की तिन्ही रुसायच्या. नळीतून धार बारीक होत थांबायची, ताटलीवर रस तुंबायचा, पिशवी पिळून हात भाजायचे. कशीबशी धार लागलीच, तर रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स कमी यायचा. मी सहामाही अहवालात वाक्य लिहूनही टाकलं होतं: 'नाचणीच्या मिश्रणात साखरीकरण अपुरं होतं.'

मार्गदर्शक मॅडमनी वाक्याखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "तुझ्या भांड्यात गाळतंय कोण?"

"जाळी," मी म्हणाले.

"नक्की?"

जाळी गाळत नाही

घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसली. तिने आयुष्यभर कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढलाय. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, कापडातून गाळायचे. ती म्हणाली, "कापड तेच असतं गं. सुरुवातीला भराभर पडतं, मग चोथा साचला की थांबतं. कापड बदलून काय होणार? वरचं हलवायला लागतं."

उत्तर त्यातच होतं. मॅश टनमध्ये रस गाळला जातो तो चोथ्याच्या थरातून. भरडलेल्या बार्लीची टरफलं एकमेकांवर आडवीतिडवी बसतात, मध्ये पोकळ्या राहतात, आणि पिठाचे बारीक कण त्या पोकळ्यांच्या वळणांत अडकतात. जाळीचं काम एवढंच की हा थर तोटीतून खाली पडू द्यायचा नाही. म्हणूनच पहिला लिटर दीड लिटर रस गढूळ येतो, कारण अजून थर बसलेला नसतो. तो रस हळूच परत वर ओततात. तीनचारदा ओतला की धार स्वच्छ होते. जाळी तीच, छिद्रं तीच, फरक पडला तो फक्त थरात.

व्यावसायिक ब्रुअरीतल्या गाळण्याच्या टाकीत तळाच्या पत्र्याच्या फटी साधारण 0.7 मिलिमीटर रुंद असतात. पिठाचा कण त्यातून सहज निसटेल. तरी रस स्वच्छ येतो. अंबरनाथला 'मिळतील तेवढी बारीक' म्हणताना मला हे माहीत असायला हवं होतं. दोन मिलिमीटरची छिद्रं, केंद्रापासून केंद्रापर्यंत चार मिलिमीटर अंतरावर, तिरक्या ओळींत असतील तर पत्र्याचा सुमारे 23 टक्के भाग उघडा राहतो. रस वाहायला तो भरपूर झाला.

आपल्या नळाला येणारं पाणीही असंच गाळलं जातं

हे पटायला अवघड जात असेल तर उल्हास नदीकडे बघा. बदलापूरच्या बॅरेजपाशी नदीचं पाणी उचलून, शुद्ध करून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण ते या पट्ट्यात पुरवतं. भारतातल्या नेहमीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यात तुरटी घालून गाळ बसवतात आणि मग ते वाळूच्या थरातून सोडतात. वाळूचा दाणा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्याखाली खडी, खडीखाली भोकं पाडलेले पाइप. आता सांगा, पाणी कोण गाळतं? पाइपची भोकं? ती तर वाळूच्या दाण्यापेक्षा मोठी असतात. वाळू गाळते. खडी वाळूला धरून ठेवते आणि पाइप पाणी सगळीकडून सारखं ओढून घेतो.

संथ वाळूगाळणीत तर आणखी गंमत. तिथे वाळूच्या वर सूक्ष्मजीवांची एक साय धरते आणि खरं काम ती करते. नुकती धुतलेली गाळणी मुरलेल्या गाळणीपेक्षा वाईट गाळते. 1892 मध्ये हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने आठ हजारांहून जास्त माणसं गेली. ते शहर एल्ब नदीचं पाणी न गाळता पीत होतं. शेजारचं अल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे आणखी घाण पाणी घेणारं, पण त्यांचं पाणी वाळूतून गाळलेलं होतं. तिथे साथ फार कमी पसरली. कॉलऱ्याचा जंतू वाळूच्या दोन दाण्यांमधल्या पोकळीपेक्षा कितीतरी लहान असतो, तरी अडला. गाळणं म्हणजे नुसतं छिद्राचं माप नाही, हे यातून लक्षात घ्या.

डार्सीचं सूत्र, मॅश टनच्या भाषेत

1856 साली फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर अभियंता आंरी डार्सी यांचा ग्रंथ आला. वाळूच्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून त्यांनी जो नियम काढला, तो आपल्याला असा मांडता येईल:

प्रवाह = (थराची पारगम्यता × क्षेत्रफळ × दाबातला फरक) ÷ (द्रवाचा दाटपणा × थराची जाडी)

यात जाळीचं नावसुद्धा नाही. आता एकेक गोष्ट बघू.

पारगम्यता, म्हणजे थर किती सहज वाट देतो. कोझेनी (1927) आणि कारमन (1937) यांच्या नावाच्या समीकरणानुसार ती कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. कण निम्मा केलात तर प्रवाह चौथा हिस्सा. म्हणून गिरणीत माल्ट दळायला देताना 'पीठ' नाही, 'भरड' सांगायचं आणि समोर उभं राहायचं. टरफल अख्खं राहिलं पाहिजे, आतला दाणा फुटला पाहिजे.

पोकळीचा हिस्सा तर त्याहून नाजूक. थरात 50 टक्के पोकळी होती आणि दाबून ती 40 टक्के झाली, तर त्याच समीकरणाने प्रवाह जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. तोटी एकदम पूर्ण उघडली की नेमकं हेच होतं. खालून ओढ बसते, थर दबतो, पोकळ्या मिटतात, धार थांबते. मग आपण तोटी आणखी उघडतो. ती उघडायची नसते, बंद करायची असते. खालून थोडं गरम पाणी हळूच चढवून थर सैल करायचा आणि तोटी पाव उघडून पुन्हा सुरुवात करायची.

दाटपणा तापमानावर आहे. 76 अंशांचं पाणी 27 अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त सहज वाहतं. रसाचंही तसंच. धुवायला कोमट पाणी वापरलंत तर दोष गाळणीचा नाही, तुमचा. पण 78 च्या वर जाऊ नका, टरफलातला तुरटपणा उतरायला लागतो.

आणि आता नाचणी. बार्लीच्या दाण्याला टरफल चिकटलेलं असतं, मळणीत ते निघत नाही. नाचणीला तसं टरफलच नाही. दाणा मोहरीएवढा, भरडला की बारीक रवा-पीठ. म्हणजे 40 टक्के नाचणी घातली तेव्हा मी थरातून बांधकामाचा माल काढून घेतला आणि वर सिमेंट ओतलं. मग कुठलीही जाळी लावा.

हा काही माझ्या एकटीचा शोध नाही. नायजेरियाने 1988 मध्ये बार्ली आयातीवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या ब्रुअरींना ज्वारीकडे वळावं लागलं. ज्वारीलाही तसं टरफल नाही. नेहमीच्या टाक्यांतून रस उतरवणं अवघड, त्यामुळे मॅश फिल्टर नावाचं यंत्र तिथे उपयोगी पडलं. त्यात धान्य अगदी बारीक दळतात, कापडावर काही सेंटिमीटरचाच पातळ थर ठेवतात आणि तो दाबून रस काढतात. म्हणजे थराने गाळायचं नसेल तर कापड वापरायचं, पण मग थर पातळ हवा आणि पिळणं हवं. माझी नायलॉनची पिशवी याच घराण्यातली होती आणि मी तिच्यात दोन किलोचा गोळा कोंबत होते!

मग गाळणी कुठलीही चालेल का?

नाही. जाळी गाळत नसली तरी एक गोष्ट ठरवते: रस कुठून कुठे जाईल. आणि त्यावरून तुमचा आकडा ठरतो.

धुण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत सगळा रस काढून घ्यायचा, मग पाणी ओतून ढवळायचं, थर बसू द्यायचा आणि पुन्हा सगळं काढायचं. ढवळल्यामुळे साखर सगळीकडे सारखी होते, त्यामुळे रस कुठल्या वाटेने आला याने फारसा फरक पडत नाही. इथे गिझरच्या नळीची जाळी छान चालते. दुसऱ्या रीतीत वरून हळूहळू पाणी सोडत राहायचं आणि तेवढाच रस खालून काढायचा, न ढवळता. इथे पाणी सगळ्या थरातून सारखं उतरलं तरच साखर धुतली जाते. मधोमध एकच नळी असेल तर पाणी जवळची वाट धरतं, कडेचा चोथा गोडच राहतो. या रीतीला पूर्ण तळ व्यापणारी ताटली हवी, नाहीतर खालच्या बाजूला फटी पाडलेल्या पाइपची चौकट हवी. चौकट करायची तर गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप घ्या, साधा पीव्हीसी नको. फटी हॅक्सॉने पाडल्या की साधारण एक मिलिमीटरच्या होतात, तेवढ्या पुरतात.

ताटलीचीही किंमत मोजावी लागते. माझ्या जारचा आतला व्यास 25 सेंटिमीटर. ताटलीखाली दोन सेंटिमीटर जागा. गणित करा: जवळजवळ एक लिटर रस ताटलीखाली बसतो आणि तोटी त्याहून वर असेल तर तिथेच राहतो. आठ लिटर रसाच्या प्रयोगात एक लिटर म्हणजे आठवा हिस्सा. मोठ्या टाकीत हे नगण्य आहे, छोट्या भांड्यात नाही.

शिवाय दोन किलो माल्टचा ओला चोथा चार लिटरच्या आसपास भरतो असं धरलं, तर 25 सेंटिमीटर व्यासात त्याचा थर जेमतेम आठ सेंटिमीटर. तोच 16 सेंटिमीटरच्या उभट डब्यात 20 सेंटिमीटर होतो आणि ताटलीखालची जागाही 400 मिलिलिटरवर येते. मी चार महिने गाळणी बदलत होते, बदलायला हवं होतं भांडं.

आकडा कुठे अडकलाय ते शोधा

आता अहवालातल्या त्या वाक्याकडे येऊ. 'साखरीकरण अपुरं.' हे म्हणण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्या होत्या: साखर तयारच झाली नाही, की झाली पण बाहेर आली नाही?

पहिली चाचणी साधी आहे. तास संपल्यावर मॅशमधला थेंब पांढऱ्या टाइलवर घ्या, आयोडीन टाका. निळा-काळा रंग आला तर पिष्टमय शिल्लक आहे. तो थेंब परत भांड्यात टाकू नका.

दुसरी चाचणी म्हणजे हिशेब. निघालेला रस मापाने नाही, वजनाने मोजा. वजन गुणिले ब्रिक्स भागिले शंभर, म्हणजे विरघळलेला अर्क. ब्रिक्स घेताना नमुना थंड करा. मग चोथ्याचंही तेच करा. ओल्या चोथ्याचं वजन घ्या, थोडा नमुना 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवून त्यात पाणी किती ते काढा, आणि थोडा पिळून त्या रसाचा ब्रिक्स घ्या. पिळायचा नमुना पाच ठिकाणांहून: वर, मध्ये, खाली आणि दोन्ही कडांना. पाचही आकडे वेगवेगळे ठेवा.

समजायला दोन काल्पनिक प्रयोग घेऊ. पहिल्यात रस 8.4 किलो, ब्रिक्स 14, म्हणजे अर्क 1.18 किलो. चोथ्यात 2 किलो द्रव, ब्रिक्स 7, म्हणजे 0.14 किलो. बेरीज 1.32. दुसऱ्यात रस 8.4 किलोच, पण ब्रिक्स 11, म्हणजे 0.92 किलो. चोथ्यात 2.1 किलो द्रव, ब्रिक्स 19, म्हणजे 0.40 किलो. बेरीज पुन्हा 1.32!

नुसता रस बघितलात तर दुसरं धान्य वाईट वाटेल. बेरीज सांगते की दोन्हीकडे साखर सारखीच बनली. पहिल्यात तिच्यातली 89 टक्के बाहेर आली, दुसऱ्यात 70. फरक धान्याच्या रसायनात नाही, थराच्या रचनेत आहे. माझंही नेमकं तेच निघालं. आयोडीनने रंग दिला नाही, आणि कडेचा चोथा पिळला तर जिभेलासुद्धा गोड लागत होता. ते वाक्य अहवालात गेलं असतं तर पुढचं वर्षभर मी नाचणीची विकरं तपासत बसले असते.

उपाय शेवटी बदलापूरलाच मिळाला. हा सगळा कर्जत-मुरबाडकडचा पट्टा भाताचा. भातगिरणीत तुसाचे ढीग पडलेले असतात. धान्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के तूस मिसळलं की हरवलेल्या टरफलांची जागा भरून निघते. तुसाला स्वतःची साखर नसते. वापरायच्या आधी ते पाखडा, दोनतीन पाण्यांतून धुवा, उकळून घ्या. आणि एक कोरा प्रयोग जरूर करा, म्हणजे नुसतं तूस गरम पाण्यात तासभर ठेवून ब्रिक्स बघा. शून्याच्या आसपास आला की निश्चिंत. तूस पाणीही धरून ठेवतं, हिशेबात ते धरा. आणि तुलना करायची असेल तर नुसत्या बार्लीच्या प्रयोगातही तेवढंच तूस घाला, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलल्या असं होईल.

थोडक्यात, निवड कशी करायची

क्रम उलटा ठेवा. दुकानात जाऊन जाळ्या बघण्यापासून सुरुवात करू नका.

आधी धान्य: टरफल आहे का? नसेल तर तूस लागेल, किंवा कापड, पातळ थर आणि पिळणं. मग धुण्याची रीत: ढवळून की सतत? ढवळून असेल तर नळीची जाळी पुरे. सतत असेल तर ताटली किंवा चौकट. मग भांडं: तुमच्या धान्याचा थर किती जाड बसतो आणि तळाशी किती रस अडकतो, हे कागदावर काढा. सगळ्यात शेवटी छिद्राचं माप, आणि त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवा. डाय किंवा झिंक लावलेली, अ‍ॅल्युमिनियमची किंवा खिडकीला लावायची डासांची जाळी वापरू नका. गरम, आंबूस रसात त्यातून काय उतरेल सांगता येत नाही.

प्रयोगाच्या वहीत गाळणीचा प्रकार, थराची जाडी, तोटी किती उघडली, रस उतरायला किती मिनिटं लागली, हे प्रत्येक वेळी लिहा. हे 'किरकोळ' तपशील आहेत असं वाटतं. माझ्या पहिल्या चार महिन्यांच्या वहीत ते नाहीत, म्हणून ते आकडे आज कशालाच वापरता येत नाहीत. ते प्रयोग फुकट गेले ते गाळणीमुळे नाही, न लिहिल्यामुळे.

तुमच्या विषयात मॅश टन नसेल. पण एखादी चाळणी असेल, सेन्सर असेल, प्रश्नावली असेल, जिच्यातून तुमची माहिती 'गाळून' येते. निकाल मनासारखा आला नाही की आपण एक तर उपकरण बदलतो, नाही तर नमुन्याला दोष देतो. त्याआधी पाच मिनिटं बसा आणि वहीत वर हा प्रश्न लिहा: इथे गाळतंय कोण? आणि मग जे मागे राहिलं, ज्याला आपण चोथा म्हणून फेकणार होतो, ते एकदा पिळून बघा.